सांभाळणाऱ्यालाही उसंत हवी

आईवडील दोघेही नोकरीवर जाणार असतील तर मूल पाळणाघरात ठेवावे, ही गोष्ट शहरांतील मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडून आता बराच काळ लोटला. प्रारंभी तिच्यावर पुष्कळ टीका झाली. पुढे टीकाकारांच्याच घरातील नातवंडे पाळणाघरात जाऊ लागली आणि वाद आपोआप निवला. परंतु आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला, स्मृती हरपलेल्या सासूबाईंना किंवा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना दिवसाचे सहा-सात तास कोणाच्या भरवशावर ठेवावे, या प्रश्नाला बहुतेक घरांत एकच उत्तर असते. ते उत्तर म्हणजे घरातील एक स्त्री. ती सून असते, मुलगी असते, पुष्कळदा स्वतःच सत्तरीला टेकलेली पत्नी असते. तिला पगार नाही, रजा नाही, निवृत्ती नाही. आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात तिच्या श्रमाची नोंदही नाही.

या स्त्रीला दिवसाकाठी चार तासांची उसंत मिळावी यासाठी शासनाने काही करावे काय, आणि करावयाचे तर कोणत्या नियमांनी, हा प्रश्न भावनेचा जितका आहे तितकाच अर्थकारणाचा आहे. अमेरिकेतील निरनिराळी राज्ये गेली पन्नास वर्षे त्याच्याशी झगडत आहेत. त्यांच्या अनुभवात अनुकरणीय असे काही आहे. परंतु त्याहूनही अधिक आहे ते सावध होण्यासारखे.

दिवसा केंद्र, रात्री घर

प्रौढांसाठी दिवसभराच्या सांभाळाची कल्पना मूळची अमेरिकन नव्हे. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड येथे लायोनेल कोसिन या वार्धक्यतज्ज्ञ डॉक्टरांनी १९५०च्या दशकात वृद्धांसाठी ‘दिवसाचे रुग्णालय’ चालविले. सकाळी रुग्णाला आणावे, व्यायाम व उपचार करावेत, जेवू घालावे आणि संध्याकाळी त्याच्या घरी पोचवावे, अशी ती साधी योजना होती. पुढील दशकात ती अटलांटिक ओलांडून गेली. सॅन फ्रान्सिस्को शहरातील चायनाटाउन भागात १९७१ साली स्थापन झालेल्या ‘ऑन लोक’ या संस्थेने १९७३ मध्ये असे केंद्र उघडले. तेथील चिनी, इटालियन व फिलिपिनो कुटुंबांना आपल्या वृद्धांना नर्सिंग होममध्ये ठेवणे मानवत नव्हते. अमेरिकेतील नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडे त्या नावाने ओळखले जाणारे छोटे खासगी रुग्णालय नव्हे. कायम शुश्रूषेची गरज असलेल्या माणसांचे ते अखेरचे निवासस्थान असते. ते नको म्हणून मधला मार्ग काढण्यात आला. त्या प्रयोगातून जी पद्धत आकाराला आली तिला १९९७ च्या केंद्रीय कायद्याने कायमचे स्थान मिळाले.

या केंद्रांतून एकाच वेळी दोन कामे साधतात. वृद्धाला सोबत, गरम जेवण, वेळेवर औषध आणि हातापायांची हालचाल मिळते; आणि त्याला सांभाळणाऱ्या व्यक्तीला काही तास स्वतःचे मिळतात. याच्या जोडीला ‘रेस्पाइट’ म्हणून ओळखली जाणारी दुसरी सोय असते. तीत कोणी प्रशिक्षित व्यक्ती काही तास घरी येऊन बसते किंवा रुग्णाला काही दिवस अन्यत्र ठेवून घेतले जाते. मराठीत या सोयीला ‘उसंत’ हा शब्द नेमका बसतो. न्यू जर्सी राज्यातील एडिसन परिसरात मुलांपाठोपाठ परदेशी गेलेले भारतीय वृद्ध अशा केंद्रांत जातात. तेथे शाकाहारी जेवण असते आणि कानावर गुजराती-हिंदी पडते. तेव्हा ही कल्पना परक्या संस्कृतीतील म्हणून दूर सारण्याचे कारण उरलेले नाही.

नियम कशासाठी?

केंद्र निघाले की नियम आलेच. अमेरिकेत ते राज्यागणिक वेगळे आहेत. काही राज्ये केंद्रांना परवाना देतात, काही केवळ शासकीय पैसा मिळण्यासाठी प्रमाणपत्र देतात, काही दोन्ही मागतात. कॅलिफोर्नियात तर दोन वेगवेगळ्या जातींची केंद्रे आहेत. केवळ देखरेख, सोबत व विरंगुळा पुरविणारी केंद्रे समाजसेवा खात्याच्या परवान्याने चालतात. परिचारिका, उपचारतज्ज्ञ व समाजकार्यकर्ते असलेली आरोग्यकेंद्रे सार्वजनिक आरोग्य खात्याच्या परवान्याने. या दुसऱ्या प्रकारात जाण्यायेण्याचा वेळ वगळून किमान चार तासांची सेवा द्यावी लागते. कर्मचाऱ्यांची संख्या, औषधे देण्याची रीत, जेवण, आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे मार्ग या सर्वांविषयी बारकाईने नियम लिहिलेले असतात.

एवढ्या नियमांची आवश्यकता काय, असे कोणी विचारील. अर्थशास्त्राच्या दृष्टीने उत्तर सरळ आहे. गिऱ्हाईक दुकानात गेले आणि माल वाईट निघाला तर ते दुसरे दुकान धरते. बाजाराची शिस्त ती हीच. परंतु दिवसभरात आपल्याशी कोण कसे वागले, जेवण मिळाले की नाही, हे संध्याकाळी घरी आल्यावर ज्याला सांगता येत नाही, असा वृद्ध हा येथील ग्राहक आहे. पैसे देणारा एक, सेवा घेणारा दुसरा, आणि दुसऱ्याची वाचा किंवा स्मृती गेलेली. अशा ठिकाणी बाजाराची शिस्त चालत नाही. तेथे तपासनीसच लागतो.

मात्र नियमांनाही किंमत असते, हे विसरून चालत नाही. प्रत्येक जादा परिचारिकेमागे केंद्राचे शुल्क वाढते. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये रंगभूमी व संगीत यांच्या अर्थकारणाचा अभ्यास करताना एक गोष्ट दाखवून दिली होती. चौघांनी वाजवावयाची रचना यंत्रयुगातही चौघांनाच वाजवावी लागते; कारखान्यातील उत्पादकता वाढून मजुरी वाढली की या वादकांचे वेतनही वाढते, पण त्यांचे उत्पादन वाढत नाही. शुश्रूषेचे तसेच आहे. एका वृद्धाला जेवू घालण्यास लागणारी पंचवीस मिनिटे कोणत्याही यंत्राने दहा होत नाहीत. म्हणून ही सेवा वर्षागणिक महाग होत जाणार, हे गृहीत धरूनच नियम करावे लागतात. अमेरिकेत २०२४ मध्ये दिवस-केंद्राचा मध्यम दर दररोज सुमारे १०० डॉलर, तर नर्सिंग होममधील दोघांच्या खोलीतील जागेचा सुमारे ३०५ डॉलर होता. हे शुल्क पगारदार माणसाच्या खिशाला झेपणारे नव्हे. साहजिकच खरा प्रश्न परवान्याचा राहत नाही. तो शासकीय पैसा कोणाला मिळावा याचा होतो.

हक्क आणि ऐच्छिक बाब

येथे अमेरिकन व्यवस्थेची खरी मेख आहे. पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठीची मेडिकेअर ही केंद्रीय विमा योजना दिवस-केंद्राचा खर्च सर्वसाधारणपणे देत नाही. मृत्युपंथाला लागलेल्या रुग्णांच्या सेवेत मात्र घरच्यांना एका वेळी सलग पाच दिवसांपर्यंत उसंत मिळू शकते. उरते ती अल्प उत्पन्न गटासाठीची, केंद्र आणि राज्ये यांच्या संयुक्त खर्चाने चालणारी मेडिकेड योजना. १९६५ च्या या योजनेत नर्सिंग होमची सेवा देणे प्रत्येक राज्यावर बंधनकारक आहे. घरी किंवा वस्तीत राहून घ्यावयाच्या बहुतेक सेवा मात्र ऐच्छिक आहेत. म्हणजे म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढले तर शासन खर्च देण्यास बांधलेले. घरात ठेवले तर देईल किंवा देणार नाही!

१९८१ मध्ये ही विसंगती थोडी दूर करण्यासाठी राज्यांना विशेष सवलत देण्यात आली. तीनुसार राज्ये दिवस-केंद्रे व उसंत या सेवांवर मेडिकेडचा पैसा खर्च करू शकतात. परंतु अटी तीन. पहिली, तो माणूस नर्सिंग होममध्ये ठेवावा लागण्याइतका परावलंबी असला पाहिजे. दुसरी, सरासरी खर्च संस्थेतील खर्चापेक्षा अधिक होता कामा नये. तिसरी, राज्याला लाभार्थींची संख्या मर्यादित ठेवण्याची मुभा आहे. या तिसऱ्या अटीमुळे प्रतीक्षायाद्या निर्माण झाल्या. २०२४ मध्ये त्यांवर सुमारे सात लाख नावे होती. त्यांत बौद्धिक व विकासात्मक अपंगत्व असलेल्यांचा भरणा मोठा होता. पहिल्या अटीचा परिणाम याहून सूक्ष्म आहे. पात्रता ठरते ती रुग्णाच्या अवस्थेवरून. सांभाळणाऱ्याच्या अवस्थेवरून नव्हे. रुग्ण पुरता खचेपर्यंत मदत येत नाही, आणि तोवर त्याच्याबरोबर घरची व्यक्तीही खचलेली असते.

कॅलिफोर्नियाचा धडा

जी सेवा ऐच्छिक असते तिच्यावर मंदीत पहिली कुऱ्हाड पडते. कॅलिफोर्नियाने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात, जेरी ब्राऊन राज्यपाल असताना, आरोग्याची दिवस-केंद्रे मेडिकेडच्या कक्षेत आणून देशात आघाडी घेतली होती. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर राज्याची तिजोरी रिकामी झाली. २००९ मध्ये केंद्रात येण्याचे दिवस आठवड्याला तीनवर आणण्याचा प्रयत्न झाला. न्यायालयाने तो रोखला. २०११ मध्ये विधिमंडळाने हा लाभच रद्द केला. त्या वेळी राज्यपालपदी पुन्हा जेरी ब्राऊन होते, हा इतिहासाचा उपरोध. सुमारे ३५ हजार वृद्ध व अपंग माणसे या केंद्रांवर अवलंबून होती.

प्रकरण न्यायालयात लढले गेले ते १९९० च्या अपंगविषयक कायद्याच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ मधील ओल्मस्टेड निकालाच्या आधारावर. जॉर्जिया राज्यातील दोन स्त्रियांच्या खटल्यात त्या न्यायालयाने असे म्हटले होते की, वस्तीत राहू शकणाऱ्या अपंग व्यक्तीला विनाकारण संस्थेत डांबून ठेवणे हा भेदभावच होय. दिवस-केंद्र बंद झाले तर हे लोक नर्सिंग होममध्ये ढकलले जातील, असा वादींचा मुद्दा होता. अखेर तडजोड झाली आणि एप्रिल २०१२ पासून नव्या नावाने, अधिक काटेकोर पात्रतेने ही सेवा पुढे सुरू राहिली. दरम्यान अनेक केंद्रे बंद पडली होती. अंदाजपत्रकातील एक ओळ खोडणे सोपे असते; एकदा विखुरलेले कर्मचारी आणि तुटलेला विश्वास पुन्हा उभारणे तितके सोपे नसते.

हा धोका अद्याप टळलेला नाही. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्यामुळे मेडिकेडवरील केंद्राचा खर्च दहा वर्षांत सुमारे ९०० अब्ज डॉलरनी घटेल असा अंदाज आहे. राज्यांना हात आखडता घ्यावा लागला तर ऐच्छिक सेवांवरच प्रथम गदा येण्याचे भय तेथील कार्यकर्त्यांना वाटते ते निराधार म्हणता येणार नाही.

काटकसरीचा युक्तिवाद

या केंद्रांचे समर्थक नेहमी एक युक्तिवाद करतात: दिवस-केंद्रावर एक डॉलर खर्च करा, नर्सिंग होमवरचे तीन वाचतील. दरांची तुलना पाहता तो पटण्यासारखा वाटतो. परंतु ही तुलना सरळ नाही. केंद्रात माणूस काही तास असतो, नर्सिंग होममध्ये चोवीस तास. उरलेले तास घरची बाई विनामूल्य भरून काढते. शिवाय सोय उपलब्ध झाली की नर्सिंग होमकडे कधीच न गेलेली कुटुंबेही पुढे येतात.

१९८० च्या दशकात अमेरिकन केंद्र सरकारने दहा ठिकाणी ‘चॅनेलिंग’ नावाचा मोठा प्रयोग करून हे तपासले. काही वृद्धांना घरी व वस्तीत वाढीव सेवा देण्यात आल्या, काहींना नाही, आणि दोन्ही गटांची तुलना झाली. निष्कर्ष समर्थकांना निराश करणारा होता: नर्सिंग होमचा वापर फारसा घटला नाही आणि एकूण खर्च वाढला. परंतु त्याच प्रयोगातून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या, ज्यांचा उल्लेख क्वचितच होतो. एक, वृद्धांच्या अपुऱ्या राहिलेल्या गरजा कमी झाल्या आणि त्यांना व घरच्यांना जीवन अधिक समाधानाचे वाटू लागले. दुसरी, बाहेरची मदत आली म्हणून घरच्यांनी हात काढून घेतला असे मोठ्या प्रमाणावर घडले नाही.

हा दुसरा निष्कर्ष आपल्याकडील चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ‘सरकारने सोय केली की मुले जबाबदारी झटकतील’ असे जे सर्रास बोलले जाते, त्याला त्या पुराव्याने आधार मिळत नाही. आणि पहिल्या निष्कर्षाचा अर्थ असा की, उसंतीचे समर्थन काटकसरीच्या नावाखाली करू नये. शाळा काढल्याने तुरुंगांचा खर्च वाचतो की नाही हे पाहून कोणी शाळा काढत नाही. जो खर्च आज एक व्यक्ती आपल्या आरोग्याने, नोकरीने आणि झोपेने भरते आहे, त्यातील काही वाटा समाजाने उचलावा, एवढीच मागणी आहे. बचतीचे आश्वासन देऊन मिळविलेली सेवा बचत दिसली नाही की काढून घेतली जाते. कॅलिफोर्नियातील घटनाक्रमाचे तात्पर्य तेच आहे.

सांभाळणाऱ्या व्यक्तीला अमेरिकन कायद्याने स्वतंत्रपणे ओळखले ते फार उशिरा. २००० मध्ये कुटुंबातील शुश्रूषकांसाठी केंद्रीय साहाय्य कार्यक्रम आला, २००६ मध्ये उसंतीसाठी स्वतंत्र कायदा झाला, २०२२ मध्ये राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. जुलै २०२४ पासून मेडिकेअरच्या एका प्रयोगात स्मृतिभ्रंशाच्या काही रुग्णांच्या घरच्यांसाठी वर्षाला २५०० डॉलरपर्यंत उसंतीचा खर्च देण्यात येऊ लागला आहे. दिशा योग्य आहे. रक्कम पाहिली म्हणजे मात्र भ्रम उरत नाही. २०२१ मध्ये सुमारे ३ कोटी ८० लाख अमेरिकनांनी घरच्या प्रौढांची ३६ अब्ज तास विनामूल्य सेवा केली आणि तिचे मोल सुमारे ६०० अब्ज डॉलर होते, असा तेथील निवृत्तांच्या प्रमुख संघटनेचा हिशेब आहे. २००६ च्या कायद्याखाली २०२३ मध्ये दिलेली रक्कम सुमारे एक कोटी डॉलर होती. म्हणजे प्रत्येक शुश्रूषकामागे वर्षाला एक चतुर्थांश डॉलर!

महाराष्ट्राने काय घ्यावे?

भारतात १९९२ पासूनच्या केंद्रीय साहाय्य योजनेत पुढे दिवस-केंद्रे, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची केंद्रे आणि उसंतगृहे यांचा कागदोपत्री समावेश झाला होता. तथापि प्रत्यक्षातील भर राहिला तो वृद्धाश्रमांवर. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदाही जिल्ह्यागणिक निदान एका वृद्धाश्रमाचाच उल्लेख करतो. आणि तोही ‘शासन उभारू शकेल’ अशा सैल भाषेत. त्याच कायद्याने आईवडिलांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद केली. टाकणारा मुलगा कायद्याला दिसला. सांभाळता सांभाळता मोडून पडणारी सून दिसली नाही. मूळ कायद्यात ‘मुले’ या संज्ञेत सुनेचा समावेश नव्हता. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात तो आला, तो जबाबदारांच्या यादीत. ते विधेयक २०२४ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळले. त्यातील वृद्धनिवास आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्था यांच्या नोंदणीची उपयुक्त तरतूदही त्याच्याबरोबर गेली.

पुणे, मुंबई, ठाणे येथे महापालिकांची विरंगुळा केंद्रे आहेत आणि ती चांगले काम करतात. पण तेथे वर्तमानपत्र वाचायला आणि गप्पा मारायला येतो तो स्वतःच्या पायांनी चालत येणारा वृद्ध. ज्याला आणावे लागते, भरवावे लागते, ज्याला स्वतःच्या घराचा पत्ता आठवत नाही, त्याच्यासाठी तेथे जागा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतातील साठीवरील लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात १५ ते ५९ या वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांच्या संगोपन-शुश्रूषेत गुंतलेल्या आढळल्या, पुरुष २१.४ टक्के, आणि अशा स्त्रियांचे दिवसाला १४० मिनिटे त्यात जात होते, पुरुषांचे ७४. या मिनिटांत मुलांचे संगोपनही आहे. परंतु कुटुंबे लहान होत आहेत आणि वृद्ध वाढत आहेत, तेव्हा ही मिनिटे कोणत्या दिशेला सरकणार हे सांगावयास नको.

देशातील इतर राज्यांकडे पाहिले तरी मार्ग दिसतो. केरळमध्ये स्थानिक स्वराज्य संस्था ‘पकल वीड’, म्हणजे दिवसाचे घर, चालवितात. आणि अंथरुणाला खिळलेल्यांची पूर्णवेळ सेवा करणाऱ्या व्यक्तीला ‘आश्वासकिरणम’ योजनेतून महिना ६०० रुपये देण्याची तरतूद तेथे आहे. रक्कम तुटपुंजी आहे, परंतु तिच्यामागील तत्त्व मोठे आहे: पैसा रुग्णाच्या नव्हे, त्याला सांभाळणाऱ्याच्या नावाने निघतो.

महाराष्ट्रात खासगी दिवस-केंद्रे आणि घरी माणसे पुरविणारे ब्युरो वाढत आहेत. तेव्हा नियम आज करणे सोपे आहे. उद्या हितसंबंध निर्माण झाल्यावर कठीण होईल. ते करताना चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. केवळ सोबतीची केंद्रे आणि उपचाराची केंद्रे यांना एकाच मापाने मोजू नये. नाही तर गल्लीतील लहान केंद्र पंचतारांकित अटींखाली चिरडले जाईल. ने-आण हा सेवेचाच भाग मानावा, कारण तिसऱ्या मजल्यावरून खाली न उतरू शकणाऱ्याला उत्तम केंद्राचाही उपयोग नाही. पात्रता ठरविताना सांभाळणाऱ्याचे वय, प्रकृती आणि रोजगार यांचाही विचार व्हावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ही सेवा अंदाजपत्रकातील ऐच्छिक बाब न ठेवता महापालिका व जिल्हा परिषदांच्या बंधनकारक कर्तव्यांत आणावी.

एखाद्या घरातील वृद्ध आजारी पडला की डॉक्टर त्याचा रक्तदाब तपासतो. त्याच खोलीच्या दाराशी औषधाची चिठ्ठी हातात घेऊन जी व्यक्ती उभी असते तिचा रक्तदाब कोणी तपासत नाही. सार्वजनिक धोरणाची नजर आजवर त्या डॉक्टरासारखीच राहिली आहे. तिने दाराकडे वळून पाहिले पाहिजे. कारण दाराशी उभी असलेली व्यक्ती कोसळली तर खोलीतला रुग्णही उघड्यावर पडेल.